काळिंगाच्या गावी

२०२५ सालच्या एप्रिल महिन्यात, चैत्र सरता सरता, मी आगुंब्याला निघाले तेव्हा माझ्या मांडीवर एक पत्र्याचा डबा होता. बेळगावहून सकाळी सुटलेल्या गाडीत शेजारच्या बाईंनी दोनदा विचारले, "डब्यात काय, लाडू का?" मी "हो" म्हणून वेळ मारून नेली. खरे सांगितले असते तर त्यांनी जागा तरी बदलली असती, नाहीतर मला तरी खाली उतरायला लावले असते. डब्यात जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली सापाची कात होती.

ती कात खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरची. घराची डागडुजी काढली होती. भाताच्या कोठीची खोली रिकामी करताना भिंतीच्या कडेला ती सापडली आणि गवंड्यांनी काम टाकले. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, तो त्या घरात राहतो. त्याने ठरवले, की भिंतीतली सगळी बिळे सिमेंटाने बुजवायची आणि साप दिसला, की काठी घालायची. मग तो कोणताही असो. मी म्हटले, "आधी कोणाची कात आहे हे तरी कळू दे." त्यावर तो काही बोलला नाही. काठीने ती कात उचलून त्याने डब्यात टाकली आणि डबा माझ्यापुढे सरकवला. तो का बोलला नाही, हे मला ठाऊक होते. त्यासाठी सेहेचाळीस वर्षे मागे जावे लागेल.

आमच्या भागात साप निघाला, की जमलेल्या माणसांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो: "दहा आहे का?" नागाच्या फण्यावर पाठीमागच्या बाजूने जी खूण असते तिला आपण दहाचा आकडा म्हणतो. इंग्रजांना त्याच खुणेत चष्मा दिसला. बंगाल्यांना त्यात गाईच्या खुराचा ठसा दिसला आणि त्यांनी नागाला गोखरो म्हटले. ज्याच्या त्याच्या डोळ्यांत जे असते ते त्याला सापाच्या पाठीवर दिसते. आपल्या घरांतून हा दहाचा आकडा पिढ्यान्‌पिढ्या जणू न्यायाधीशाच्या जागी बसलेला आहे. आकडा असला तर नाग. नसला तर धामण. नाग म्हणजे विष, धामण म्हणजे नुसती भीती.

१९७९ सालच्या मार्गशीर्षात माझे काका, म्हणजे दादाचे वडील, दिवेलागणीच्या वेळी गोठ्यामागच्या गंजीतून पेंढा काढत होते. हाताला काहीतरी चावले. आरडाओरडा झाला. गड्यांनी कंदील आणला, पेंढा उपसला आणि एक तपकिरी, चांगला जाडजूड साप काठ्यांनी मारून अंगणात आणून टाकला. त्याने फणा काढलेला कोणी पाहिला नव्हता. मानेवर कंदील धरून सर्वांनी पाहिले; आकडा दिसला नाही. "धामण आहे," असे कोणीतरी म्हणाले आणि सगळ्या अंगणाने सुटकेचा निःश्वास टाकला. काका हसले सुद्धा. हाताला सूज चढत होती. आजीने कसलासा पाला वाटून लावला. काका जेवायला बसले. रात्री नऊच्या सुमारास त्यांच्या पापण्या जड होऊ लागल्या. दिवसभर राबलेला माणूस, झोप आली असेल, असे सर्वांना वाटले. ती झोप नाही हे जेव्हा लक्षात आले, तेव्हा बैलगाडी जोडून सडकेपर्यंत जायला आणि तिथून मालट्रक मिळायला मध्यरात्र झाली. काका वाटेतच गेले. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि दादा बारा वर्षांचा.

तिसऱ्या दिवशी आमच्या हायस्कुलातले शास्त्राचे सर समाचाराला आले. साप अजून उकिरड्याच्या कडेला पडला होता. सरांनी तो केळीच्या पानावर घेतला. आम्ही दोघे मुले लांबून पाहत होतो. सरांनी दोन काटक्यांनी मानेची कातडी दोन्ही बाजूंना ताणली. दुमडलेल्या कागदावरचे चित्र कागद उलगडताच दिसावे, तसा खवल्यांच्या मधल्या कातडीतून तो आकडा पुसट असा उमटला. पुसट होता, पण होता. मग त्यांनी एका काडीने ओठाची कड उचलली आणि स्वतःशीच बोलावे तसे म्हणाले, "हा तिसरा खवला पाहिला असता, तर फण्याची वाट पाहावी लागली नसती." दादाने ते वाक्य ऐकले. त्याने ते कधी विसरले नाही, आणि त्यातून त्याने काढलेला अर्थ असा, की माणसांच्या ओळखीवर विश्वास ठेवू नये, दिसेल तो साप मारावा. मी मात्र त्या तिसऱ्या खवल्याचे कोडे मनात घेऊन मोठी झाले. पुढे शिक्षिकेची नोकरी केली, निवृत्तही झाले. ते कोडे तसेच राहिले.

असो. हुबळी आणि हावेरी मागे टाकून गाडी शिमोग्याला पोचली, तोवर दुपार कलली होती. काळी रानेही मागे पडली होती. तिथून तीर्थहळ्ळीचा रस्ता तुंगेच्या काठाकाठाने जातो. वाटेत गाजनूरचे धरण लागते, सक्रेबैलूचे हत्ती दिसतात, मंडगद्दे येथे नदीतल्या बेटावरच्या झाडांवर पावसाळ्यात पक्ष्यांची वसाहत भरते. मैलामैलाला सुपारीच्या बागा दाट होत जातात, घरांची कौले शेवाळाने काळवंडत जातात आणि हवेला ओल्या पाचोळ्याचा वास येऊ लागतो. तीर्थहळ्ळीला माझी एक जुनी मैत्रीण राहते. तिच्याच ओळखीने आगुंब्याजवळच्या एका सुपारीबागाईतदाराच्या घरी माझी उतरण्याची सोय झाली होती.

आगुंबे हे सह्याद्रीच्या अगदी कडेवर बसलेले लहानसे गाव आहे. एका बाजूला मलनाडची उतरत जाणारी राने, दुसऱ्या बाजूला एकदम तुटलेला कडा आणि त्याखाली नागमोडी वळणांनी सोमेश्वराकडे उतरणारा घाट. आकाश स्वच्छ असेल तर संध्याकाळी कड्यावरून दूरच्या समुद्रात सूर्य बुडताना दिसतो. पावसाळ्यात मात्र चार हातांवरचे दिसत नाही. वर्षाकाठी इथे सात हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि म्हणून या गावाला दक्षिणेची चेरापुंजी म्हणत आले आहेत. गावातले दोड्डमने, म्हणजे थोरले घर, अनेकांनी न जाताही पाहिलेले आहे, आर. के. नारायण यांच्या कथांवरून शंकर नाग यांनी केलेल्या 'मालगुडी डेज' या मालिकेचे चित्रीकरण याच गावात झाले होते. सापांच्या गावाला प्रसिद्धी मिळवून देणाऱ्याचे आडनाव नाग असावे, हा योगायोग मला फार आवडला.

पण आगुंब्याचा खरा मानकरी आहे तो काळिंग. इंग्रजीत ज्याला किंग कोब्रा म्हणतात, आपण ज्याला नागराज म्हणतो, त्याला कन्नडमध्ये काळिंग सर्प म्हणतात. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी याच परिसरात हा साप रानात पाहिला आणि पुढे २००५ साली त्यांनी इथे वर्षावनाच्या अभ्यासाचे केंद्र उभे केले. काळिंगाच्या शरीरात लहानसा प्रक्षेपक बसवून तो रानात कुठे फिरतो, काय खातो, याचा माग काढण्याचे काम या केंद्राने हाती घेतले. गावातल्या लोकांना मात्र त्याची ओळख पटवायला कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती. आमच्या यजमानांच्या आई ऐंशीच्या घरातल्या. त्यांना सगळे अज्जी म्हणतात. आपल्या आजीला आणि त्यांच्या अज्जीला वेगळी करणारी ती काय एक जोडाक्षराची भिंत! दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर कॉफी घेत होते, तोच बागेच्या बाजूने गडी धावत आला. अज्जी आतूनच मला म्हणाल्या, "काळिंग बंदिद्दाने." बेळगावात राहून कन्नड कानांवरून गेलेले असल्यामुळे मला ते तत्काळ कळले आणि एक गोष्ट खटकली. कन्नडमध्ये जनावर आले तर 'बंदिदे' म्हणायचे. 'बंदिद्दाने' हे माणसाविषयी बोलायचे रूप. अज्जींच्या लेखी घरात साप शिरला नव्हता, कोणी पुरुष माणूस दारी आला होता.

तो गोठ्याच्या मागच्या लाकडांच्या ढिगाशी होता. यजमानांनी सर्वांना दूर उभे केले आणि वनखात्याला कळवले. पाऊण तासाने प्रशिक्षित माणसे आली. तेवढा वेळ आम्ही बरेच अंतर राखून पाहत होतो. ढिगातून प्रथम एक धामण वेगाने निसटली, आणि मग त्या मागून हा बाहेर आला. साप खाणारा साप म्हणून त्याचे शास्त्रीय नावच ओफिओफॅगस असे आहे, आणि धामण हे त्याचे आवडते खाणे. माणसांची चाहूल लागताच तो थबकला आणि शरीराचा पुढचा भाग त्याने जमिनीपासून उचलला. कंबरेएवढ्या उंचीवर त्याचे डोके स्थिर झाले. फणा होता, पण आपल्या नागासारखा रुंद, गोलाकार नव्हे. अरुंद आणि लांबट. पाठ वळली तेव्हा मी जन्मभराच्या सवयीने आकडा शोधला. आकडा नव्हता. होते ते काळपट तपकिरी अंगावरचे फिकट आडवे पट्टे. मानेकडे ते उलट्या कोनासारखे, आणि मागे जात जात पुसट होत गेलेले. गळ्याचा रंग हळदीसारखा. फुत्कार म्हणावा तर तो फुत्कारही नव्हे, खोल विहिरीतून यावी तशी घुमणारी गुरगुर. पकडणाऱ्यांनी घाई केली नाही. एक काळी पिशवी आणि तिच्या तोंडाशी लावलेली रुंद नळी एवढेच साधन. अंधाराचे बीळ दिसताच तो आपणहून आत गेला. जवळच्याच रानात त्याला सोडण्यात आले. अज्जींनी ओसरीवरूनच हात जोडले आणि त्या पुन्हा कामाला लागल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मी डबा उघडला. पकडायला आलेल्यांपैकी एक तरुण, जो कित्येक वर्षे या भागात सापांचे काम करतो, तो मुद्दाम थांबला होता. यजमानांनीही माडीवरून एक कात आणली; मागच्या वर्षी त्यांच्या बागेत सापडलेली, काळिंगाचीच. जेवणाच्या मेजावर वर्तमानपत्र पसरून आम्ही दोन्ही काती शेजारी शेजारी ठेवल्या. मग सुरू झाला तो धडा, ज्याची मी सेहेचाळीस वर्षे वाट पाहिली होती.

पहिली गोष्ट त्याने सांगितली ती अशी, की कातीला रंग नसतो. सापाचा रंग असतो तो आतल्या कातडीत. वरचे पातळ आवरण गळून पडते तेव्हा फार तर रंगाची सावली त्यात राहते. पण एकेक खवला मात्र जसाच्या तसा उमटलेला असतो, अगदी डोळ्यांवरचा काचेसारखा पापुद्राही. पायमोजा काढताना उलटा व्हावा तशी कात तोंडापासून उलटी होत निघते. निघताना ती ताणली जाते आणि म्हणून सापापेक्षा लांब भरते. तेव्हा कातीच्या लांबीवरून घरात केवढा साप आहे, याचा हिशेब करून घाबरू नये. रंग जातो, लांबी फसवते, आकडा बहुधा दिसत नाही. राहतात ते खवले.

मग त्याने मोजायचे कसे ते दाखवले. शरीराच्या साधारण मध्यावर, पोटाच्या रुंद खवल्याच्या कडेपासून सुरुवात करायची, तिरकस चढत पाठीच्या कण्यापर्यंत यायचे आणि पलीकडे तसेच तिरकस उतरायचे. पोटाचा खवला हिशेबात धरायचा नाही. काळिंगाच्या कातीवर मी सुईच्या टोकाने मोजले; पंधरा ओळी भरल्या. "आपल्या नेहमीच्या नागाच्या एकवीस ते पंचवीस भरतात," तो म्हणाला. एवढा प्रचंड साप आणि ओळी मात्र कमी. कारण त्याचे खवले मोठे असतात. शिवाय काळिंगाच्या डोक्यावर, मागच्या बाजूला, दोन मोठे खवले जोडीने बसलेले असतात. ते इतर कोणत्याही नागाला नसतात. म्हणजे नावात कोब्रा असला, तरी तो आपल्या नागाच्या वंशातला नव्हे. निराळ्याच वंशातला आहे.

आणि ओठ. नागाच्या वरच्या ओठाला एकेका बाजूस सहसा सात खवले असतात. त्यांतला तिसरा खवला असा मोठा, की त्याचे एक टोक नाकपुडीच्या खवल्याला भिडते आणि दुसरे थेट डोळ्याला. हाच तो माझ्या सरांचा तिसरा खवला! खालच्या ओठावर चौथ्या आणि पाचव्या खवल्यांच्या मधे, अगदी कडेला, पाचरीसारखा एक इवलासा खवला नागाला असतो, तीही त्याची एक खूण. मण्यारीची खूण ओठावर नव्हे, पाठीवर: कण्यावरून जाणारी षट्‌कोनी, मोठ्या खवल्यांची एक ओळ. फ्रँक वॉल नावाच्या लष्करी डॉक्टराने विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानातल्या विषारी सापांवर पुस्तक लिहिले आणि मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते प्रसिद्ध केले. त्यात त्याने भर दिला होता तो याच खवल्यांवर. रंगाचा भरवसा धरू नये, हे त्या डॉक्टराला तेव्हाच कळून चुकले होते.

रंगाची फसवणूक किती दूरवर जाते, हे त्या तरुणाने मोजून सांगितले. भारतात नागाच्या वंशातले चार प्रकार आहेत. आपला दहाच्या आकड्याचा नाग देशात बहुतेक सर्वत्र आहे. पण तो कुठे गव्हाळ असतो, कुठे तपकिरी, कुठे पिवळट. गुजरात, राजस्थान आणि माळव्याकडे तो काळा कुळकुळीत आणि फण्यावर काहीही खूण नसलेला असा कित्येकदा आढळतो. बडोद्याच्या वा इंदूरच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावे, असे मला वाटते. तिकडे आकडा शोधत बसणारा माणूस आमच्या अंगणातल्या माणसांसारखाच फसेल. बंगाल, आसाम, ओडिशा या भागांत दुसरा नाग भेटतो. त्याच्या फण्यावर दहा नसून नुसते एक वर्तुळ असते, आणि बंगालीत त्याला केउटे म्हणतात. वायव्येला, काश्मीर-हिमाचलच्या बाजूला, मध्य आशियातून पसरत आलेला तिसरा प्रकार आहे. तो पूर्ण वाढला, की त्याच्या फण्यावर काहीच खूण नसते. चौथा केवळ अंदमानात राहतो. हे सगळे एकाच नागाचे प्रकार आहेत, अशी समजूत फार काळ होती. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वोल्फगाँग व्यूस्टर यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांना वेगळे करून दाखवले.

"मग खवले मोजले, की हे चारही ओळखू येतात?" मी विचारले. तो हसला. नाग आणि धामण, नाग आणि मण्यार, नाग आणि काळिंग हे खवल्यांवरून निःसंशय वेगळे काढता येतात. पण या चार नागांच्या खवल्यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. तिथे खवले एकटे पुरत नाहीत. रंग, खूण, प्रदेश आणि शेवटी रक्तातली आनुवंशिक द्रव्ये, या सर्वांची साक्ष काढावी लागते. काळिंगाचेच पाहा. १८३६ साली कँटर याने त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि तेव्हापासून भारतापासून फिलिपाइन्सपर्यंत तो एकच साप मानला गेला. २०२४ साली पी. गौरी शंकर, इंद्रनील दास, व्यूस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की हे एक नसून चार आहेत. सह्याद्रीतला काळिंग हा सह्याद्रीखेरीज अन्यत्र कुठेही नसलेला साप ठरला. त्याच्या फिकट पट्ट्यांना उत्तरेकडच्या भाईबंदांप्रमाणे काळी किनार नसते. त्याला नाव देताना शास्त्रज्ञांनी ग्रीक-लॅटिनच्या दाराशी न जाता अज्जींचाच शब्द उचलला: ओफिओफॅगस काळिंगा. ज्या शब्दाने मलनाडातल्या पिढ्यांनी त्याला हाक मारली, तो आता जगभरच्या ग्रंथांत गेला आहे. हे कळल्यावर अज्जी एवढेच म्हणाल्या, "मग एवढे दिवस ते त्याला काय म्हणत होते?"

आता आमच्या कातीची पाळी आली. डोक्याचा एक भाग फाटलेला होता; पण डाव्या बाजूचा ओठ शाबूत होता. त्या तरुणाने भिंग माझ्याच हातात दिले. मी मध्यावर मोजले: सतरा ओळी. एकवीसही नाहीत आणि पंधराही नाहीत. पाठीच्या मधल्या खवल्यांवरून बोट फिरवले, तर बारीक कणा लागत होता. नागाचे खवले गुळगुळीत असतात. मग ओठ. खवले आठ. तिसरा खवला डोळ्याला पोचतच नव्हता. चौथा आणि पाचवा पोचत होते. आणि नाकपुडीचा खवला व डोळ्यापुढचा खवला यांच्या मधे आणखी लहान खवले होते. नागाच्या आणि मण्यारीच्या तोंडावर ती जागाच नसते. माझा हात थोडा कापत असावा, कारण त्याने हळूच कातीखाली कागद सरकवला. "धामण," तो म्हणाला.

तो शब्द ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण मला ऐकू आले ते १९७९ सालचे अंगण.

जेवणानंतर मी ओसरीवर बसले होते, तेव्हा तो तरुण जे बोलला ते मी इथे मुद्दाम सविस्तर लिहिते. "बाई, खवले मोजायचे ते कातीचे किंवा अभ्यासासाठी ठेवलेल्या सापाचे. जिवंत सापाचा तिसरा खवला पाहायला जो जाईल त्याला तो शेवटचा दिसेल. मेलेल्या सापालाही हात लावू नये. आणि चावल्यावर तर ओळखीचा प्रश्नच काढू नये. आपल्या दवाखान्यांत मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांच्या विषांवर मिळून केलेले असते. डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. त्यांना साप दाखवावा लागत नाही. चावले, की हात-पाय हलू न देता, न कापता, न आवळता, थेट दवाखाना." २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यांतली किती "धामण आहे" या दोन शब्दांनी गेली असतील, हे कोण सांगणार?

माझे काका सापाच्या विषाने गेले हे खरे; पण विष भिनायला लागणारा वेळ त्या सापाला मिळाला तो आमच्या खात्रीमुळे. ओळख चुकली, यापेक्षाही ओळख पटेपर्यंत आणि पटली म्हणून आम्ही थांबलो, ही खरी चूक. सरांचा तिसरा खवला बरोबर होता. पण त्या रात्री तो पाहणेही व्यर्थच वेळ घालवणे ठरले असते. इतकी वर्षे मला वाटत आले होते, की कोणाला तरी तो खवला ठाऊक असता तर काका वाचले असते. आगुंब्याच्या त्या ओसरीवर माझे ते कोडे सुटले आणि उत्तर मला वाटले होते त्याहून वेगळे निघाले.

परत आल्यावर मी आधी खानापूरलाच गेले. दादाला सगळे सांगितले. तो शांतपणे ऐकून घेत होता. "धामण" हा शब्द आला तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाबांच्या वेळेसही सगळे धामणच म्हणाले होते." मी वाद घातला नाही. अंगणात उजेडाला पाट ठेवला, त्यावर कात पसरली, भिंग आणि सुई त्याच्या हातात दिली आणि म्हटले, "दादा, तू मोज." त्याने मोजायला बराच वेळ घेतला. दोनदा चुकला, पुन्हा सुरुवात केली. सतरा भरल्या. मग ओठाचे आठ मोजले. तिसऱ्या खवल्याशी सुई थांबली आणि तिथेच कितीतरी वेळ राहिली. काकू पडवीत बसून पाहत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन त्यांनी चहा ठेवला.

दादाने बिळे बुजवली ती बुजवलीच. त्याला माझी ना नव्हती. एका कातीने घरात धामण आली होती एवढेच सिद्ध होते, नाग येणार नाही असे नव्हे. उंदीर आहेत तोवर दोघेही येणार. पण बुजवण्याआधी त्याने दोन दिवस खोलीचे दार रानाच्या बाजूने उघडे ठेवले. गंजी गोठ्यापासून लांब हलवली. दाराशी खिळ्याला एक विजेरी टांगली आणि अंधार पडल्यावर तिच्याशिवाय कोणी मागल्या अंगणात जायचे नाही, असा नियम केला. भिंतीवर तालुक्याच्या दवाखान्याचा आणि गाडीवाल्याचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिला. काठी होती तिथेच, कोपऱ्यात आहे.

कात मी परत मागितली, तर तो म्हणाला, "राहू दे इथेच." तो पत्र्याचा डबा आता त्याच्या कपाटात, नातवंडांच्या हाताला येईल अशा खालच्या फळीवर आहे. सुट्टीत मुले आली, की तो त्यांना पाटावर बसवतो आणि मोजायला लावतो. कोणी मधेच विचारले, "आजोबा, याच्यावर दहा कुठे आहे?" तर तो म्हणतो, "दहा राहू दे. आधी लांब उभे राहायला शीक."